चहामळ्यांचे चार धनी

सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, चहामळ्यांत मजुराच्या एका दिवसाच्या कामाला रोज म्हणत नाहीत, 'नाव' म्हणतात. तमिळ भाषेतील 'पेर्' हा तो शब्द. पहाटे हजेरीच्या जागी उभे राहून कामावर गेलेल्या बाईने संध्याकाळपर्यंत ठरलेल्या वजनाइतका कोवळा पाला खुडून काट्यावर घातला, म्हणजे हजेरीपटात तिचे नाव पडते. वजन कमी भरले तर 'अर्धे नाव' पडते आणि मजुरीही अर्धीच हाती येते. माणसाचे नाव अर्धे होऊ शकते ही कल्पना ज्या व्यवहारात इतकी रुळली, तो व्यवहार मुळापासून समजून घ्यावा या इच्छेने मी या मळ्यांचा इतिहास वाचू लागलो, आणि वाचता वाचता एक गोष्ट मनात ठसत गेली. १८४० पासून आजपर्यंत या डोंगरांना चार धनी लाभले. पहिले इंग्रज सरकार, दुसऱ्या मळेवाल्या कंपन्या, तिसरे स्वतंत्र देशाचे सरकार, आणि १९९२ पासून मक्त्याने मळे चालविणाऱ्या खाजगी कंपन्या. प्रत्येक पालटाच्या वेळी नवे कायदे झाले, नवी दप्तरे उघडली, जमिनीचे नवे हक्कदार लिहिले गेले. परंतु जिच्या हातांनी मळा उभा राहिला तिचा त्या जमिनीशी संबंध काय, हा प्रश्न एकाही कायद्याच्या मसुद्यात आरंभी आलेला दिसत नाही.

१८१५ साली, म्हणजे आपली पेशवाई बुडण्याच्या तीन वर्षे आधी, कँडीचे राज्य इंग्रजांच्या अंमलाखाली आले. त्या राज्यातील डोंगराळ मुलखात खेड्यांची वस्ती खोऱ्यांच्या तळाशी, भातखाचरांच्या कडेने असे. वरचे रान गावाच्या वहिवाटीचे असे, त्यात गुरे चरत, सरपण मिळे, आणि आपल्या कोकणातील दळी-कुमरीसारखी रान तोडून, भाजून, दोनचार वर्षे पेरून पुन्हा पडीक टाकण्याची 'हेन' नावाची शेती चाले. या रानावर कोणाचा कागद नव्हता, कारण कागदाची गरजच कोणाला पडली नव्हती. १८४० च्या १२ व्या कायद्याने असे ठरविले की, जे रान, पडीक वा बिनवहिवाटीची जमीन असेल ती, कोणी आपली मालकी सिद्ध करीपर्यंत, सरकारची समजावी. सिद्ध करण्याचा भार ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्यावर टाकला, की निकाल आधीच लागलेला असतो. ती जमीन प्रथम एकरी ५ शिलिंग दराने विकली गेली, आणि घेणाऱ्यांत इंग्रज मुलकी अधिकारी, लष्करी अधिकारी इतकेच नव्हे, तर खुद्द गव्हर्नरही होते. खालच्या खेड्यांतील सिंहली शेतकऱ्याला आपल्या डोईवरचे रान एका पिढीत परके झालेले पाहावे लागले. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षांनी जमीनसुधारणेचा कायदा आला तेव्हा त्याच्या मागे या जुन्या अन्यायाची आठवण उभी होती, हे ध्यानात ठेवल्यावाचून १९७२ आणि १९७५ चा रोष नीट कळत नाही.

या मळ्यांवर पहिले पीक चहाचे नव्हते, कॉफीचे होते. १८४० नंतरच्या तीन दशकांत कॉफीने अनेकांना गबर केले आणि रेल्वे, रस्ते, बंदर या सर्वांना धन पुरविले. मग १८६९ साली कॉफीच्या पानांवर नारिंगी भुकटीसारखा तांबेरा दिसू लागला आणि वीस वर्षांच्या आत ते पीक बेटावरून जवळजवळ नाहीसे झाले. जेम्स टेलर नावाच्या एका स्कॉट मळेवाल्याने कँडीजवळच्या लूलकंदुरा मळ्यावर १८६७ मध्येच १९ एकरांत चहा लावून पाहिला होता. कॉफी बुडाल्यावर सगळे त्याच्या वाटेने गेले, आणि शतक संपण्यापूर्वी तीन लाख एकरांहून अधिक जमीन चहाखाली आली. टेलर स्वतः १८९२ साली त्याच मळ्यावर वारला.

कॉफीकडून चहाकडे झालेला हा पालट पिकापुरता राहिला नाही. मजुराच्या आयुष्याची सगळी घडी त्याने बदलली. कॉफीची तोडणी हंगामी होती, म्हणून मदुरा, त्रिचनापल्ली, तिन्नेवेल्ली या जिल्ह्यांतील भूमिहीन माणसे वर्षातून काही महिने समुद्र ओलांडून येत आणि हंगाम संपताच गावी परतत. चहाची खुडणी मात्र वर्षभर, दर सात-दहा दिवसांनी त्याच झुडपावर, दोन पाने आणि एक कळी अशा बेताने करावी लागते. तीत बायकांचा हात चालतो, म्हणून बाया आल्या, बायांबरोबर मुले आली, आणि मळा हेच त्यांचे गाव झाले. त्यांना आणणारा तो कंगाणी. मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांचा मुकादम ज्याने पाहिला आहे त्याला कंगाणी वेगळा समजावून सांगावा लागणार नाही: गावात जाऊन उचल द्यायची, त्या उचलीच्या बळावर टोळी बांधायची, टोळीच्या हजेरीवर आपली दलाली घ्यायची, आणि फिटता न फिटणाऱ्या त्या उचलीच्या दोरीने कुटुंबाला मळ्याशी बांधून ठेवायचे. आरंभीच्या काळात मन्नारच्या किनाऱ्याला उतरून मातळेपर्यंतची निर्जल, हिवतापाची वाट ही माणसे पायी चालत, आणि त्या वाटेवर किती जणांची हाडे पडली याची मोजदाद कोणी ठेवली नाही. एका मळ्यावरून दुसऱ्यावर जायचे तर 'तुंडू' नावाची चिठ्ठी लागे. तीत या मजुराचे इतके कर्ज भरले की त्याला सोडू, असे मळ्याचा साहेब लिहून देई, आणि नवा मळा ते कर्ज भरून माणूस घेई. ही तुंडूची पद्धत कायद्याने बंद झाली ती १९२१ साली.

राहण्यास चाळी होत्या. इंग्रजी 'लाइन' या शब्दावरून मजूर त्यांना 'लयम्' म्हणत. पाठीला पाठ लावून काढलेल्या खोल्यांची रांग, प्रत्येक खोली साधारणतः दहा फूट लांब आणि बारा फूट रुंद, पुढे अरुंद ओटी, वर पत्रा. खोली मळ्याची, पाणी मळ्याचे, पाळणाघर मळ्याचे, दवाखाना मळ्याचा. मळ्याच्या साहेबाला 'दोरै' म्हणत, आणि थोरल्या व धाकट्या दोरैच्या हुकुमाखाली पहाटेच्या तप्पू नावाच्या ढोलाच्या ठोक्यापासून रात्रीपर्यंतचा काळ जाई. काम सुटले तर घर सुटले, हा या रचनेचा कणा होता.

दोरै मात्र धनी नव्हता, तो नोकर होता. धनी असत लंडनमधील पौंडी भांडवलाच्या किंवा कोलंबोतील रुपयाच्या भांडवलाच्या कंपन्या, आणि हे धनी व दोरै यांच्या मध्ये मुखत्यारपेढ्या. जॉर्ज स्टुअर्ट, कार्सन, व्हिटॉल, मॅकवुड्स अशी त्यांची नावे. खते मागविणे, चहा लिलावात काढणे, जहाजावर चढविणे, विमा उतरविणे, दोरैची नेमणूक आणि बदली करणे, हे सर्व पेढीच्या हाती. प्रत्येक व्यवहारावर तिची दलाली, मग मळ्याला फायदा होवो वा तोटा. ही पेढी इथे मुद्दाम नोंदवितो, कारण पुढे राष्ट्रीयीकरणाने कंपन्या गेल्या तरी पेढ्यांचे ज्ञान आणि त्यांची घराणी राहिली, आणि १९९२ मध्ये जे नवे मक्तेदार आले त्यांतील काहींचा कुळवृत्तान्त याच पेढ्यांपाशी जाऊन पोहोचतो.

१९४८ साली सिलोन स्वतंत्र झाले आणि स्वतंत्र संसदेच्या पहिल्याच वर्षात झालेल्या नागरिकत्वाच्या कायद्याने मळ्यांवरील बहुसंख्य तमिळ मजूर नागरिक ठरले नाहीत. आपण आणि आपला बाप याच बेटावर जन्मलो याचे दाखले ज्या माणसांजवळ असण्याचा संभवच नव्हता, त्यांच्याकडे ते दाखले मागण्यात आले. १८४० मध्ये खेडुताजवळ रानाचा कागद मागितला होता, १९४८ मध्ये मजुराजवळ जन्माचा कागद मागितला. दोन्ही वेळा कागद नसणे हाच अपराध ठरला. पुढच्या वर्षी मताधिकारही गेला. १९४७ च्या निवडणुकीत ज्यांच्या मतांवर सात प्रतिनिधी संसदेत गेले होते, ते लाखो लोक कोणत्याच देशाचे उरले नाहीत. ऑक्टोबर १९६४ मध्ये लालबहादुर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके या दोन पंतप्रधानांनी त्यांची वाटणी केली: ५,२५,००० भारताने घ्यावे, ३,००,००० सिलोनने ठेवावे, उरलेल्या १,५०,००० चा विचार मागाहून. त्या १,५०,००० ची १९७४ मध्ये दोन्ही देशांनी निम्मी-निम्मी विभागणी केली. तलैमन्नारहून रामेश्वरास येणाऱ्या बोटींत, ज्यांनी भारत कधी पाहिलाच नव्हता अशी कुटुंबे आली. त्यांतील काहींना निलगिरीत तमिळनाडू सरकारने काढलेल्या चहामळ्यांवर पुन्हा तेच खुडणीचे काम मिळाले.

या पार्श्वभूमीवर राष्ट्रीयीकरण आले. एप्रिल १९७१ मध्ये सुशिक्षित, बेकार सिंहली तरुणांनी सशस्त्र उठाव केला. तो मोडण्यात हजारो जीव गेले, आणि सरकारला जमिनीच्या प्रश्नाला हात घालणे अटळ झाले. १९७२ च्या जमीनसुधारणा कायद्याने व्यक्तीस भातजमीन २५ एकर आणि इतर जमीन ५० एकर अशी कमाल मर्यादा घातली. सुमारे साडेपाच लाख एकर जमीन सरकारजमा झाली. त्या वेळी कंपन्या वगळल्या होत्या. देशी बागाइतदाराची जमीन गेली आणि लंडनच्या कंपनीची राहिली, ही विसंगती फार दिवस टिकणे शक्य नव्हते. १९७५ च्या दुरुस्तीने कंपन्यांचे मळेही सरकारच्या ताब्यात आले. दोन्ही टप्पे मिळून चहाखालील क्षेत्रापैकी साठ टक्क्यांहून अधिक भाग राज्याच्या मालकीचा झाला, आणि इंग्रज कंपन्यांना नुकसानभरपाई देण्यात आली. मराठी वाचकाला येथे आपल्या घरची एक गोष्ट आठवावी. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खाजगी साखर कारखान्यांचे ऊसमळे महाराष्ट्र सरकारने घेतले, आणि ते कसण्यासाठी १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन केले. ज्यांनी त्या जमिनी कारखान्यांना खंडाने दिल्या होत्या त्या खंडकरी शेतकऱ्यांना त्या परत मिळविण्यासाठी पुढे पिढ्यानपिढ्या झगडावे लागले. मोठा मळा तोडला तर उत्पादन घटेल, ही भीती नगर जिल्ह्यात जशी होती तशीच नुवारा एलियात होती, आणि दोन्हीकडे तिने तोच मार्ग सुचविला: मळा अखंड ठेवावा, फक्त धनी बदलावा.

तरी लंकेत काही मळे तोडले गेले. कँडीच्या परिसरात मळ्यांचे तुकडे करून ते आसपासच्या सिंहली खेडुतांना वाटण्यात आले. पूर्वी ज्यांचे रान गेले होते त्यांच्या वंशजांना ते मिळाले, यात न्यायाचा अंश निःसंशय होता. परंतु त्याच मळ्यांवर तीन-चार पिढ्या राबलेल्या तमिळ मजुरांना खोल्यांतून काढून लावण्यात आले, आणि अनेक कुटुंबे रस्त्यावर आली. १९७३-७४ मध्ये परदेशी चलनाच्या टंचाईमुळे शिधा तोडला गेला, तेव्हा ज्यांच्याजवळ भाजीपाल्यापुरतीही जमीन नव्हती त्या मळेवस्त्यांवर उपासमारीने माणसे मेली. जगाला चहा पुरविणाऱ्या डोंगरांतील बायका हॅटन-कँडीच्या बाजारांत भीक मागताना दिसत. मे १९७७ मध्ये डेव्हन मळ्याची जमीन वाटपास काढली जाणार असे कळताच मजूर काम सोडून आडवे झाले, पोलिसांनी गोळी चालविली आणि एक तरुण मजूर ठार झाला. जमीन मूळच्या खेडुताला द्यावी की राबणाऱ्या मजुराला, हा खरोखरच कठीण प्रश्न होता. दोन वंचितांमध्ये तो सोडविण्याची वेळ आली, तेव्हा ज्याला मत होते त्याच्या बाजूने तो सुटला.

सरकारी अमदानीचे मूल्यमापन करताना हल्ली केवळ तोट्याचे आकडे पुढे केले जातात. ते मला अपुरे वाटते. १९७७ नंतर बहुतेक मळे दोन महामंडळांकडे एकवटले: एक जनता मळे विकास मंडळ, दुसरे १९५८ मध्येच स्थापन झालेले राज्य मळे महामंडळ. या दोहोंच्या काळात मळ्यांवरील शाळा सरकारी शिक्षणखात्याकडे आल्या, दवाखान्यांत दाया आणि लसी पोहोचल्या, आणि अर्भकमृत्यूचे प्रमाण, जे देशात सर्वांत वाईट असे, ते झपाट्याने खाली आले. १९८४ साली कामगार संघटनांनी एकत्र येऊन संप केला आणि स्त्री-पुरुषांची रोजची मजुरी प्रथमच समान झाली. सौम्यमूर्ती तोंडमन हे सिलोन वर्कर्स काँग्रेसचे पुढारी त्या वेळी एकाच काळी मंत्री आणि संपाचे नेते होते, ही त्या राजवटीची एक विलक्षण बाजू. खुडणाऱ्या बाईचा हात जलद चालतो हे सर्वांना ठाऊक असूनही शंभर वर्षे तिला पुरुषापेक्षा कमी मजुरी मिळत होती. ती रीत मोडली, आणि ती धनी सरकार असताना मोडली, ही गोष्ट जमाखर्चाच्या कोणत्याही वहीत दिसणार नाही.

पण जमाखर्चही खोटा नव्हता. चहाचे झुडूप शंभर वर्षे जगते, मात्र त्याचे उत्पन्न उतरत जाते. तलवाकेले येथील १९२५ मध्ये स्थापन झालेल्या चहा संशोधन संस्थेने निवडक झाडांच्या फाट्यांपासून वाढविलेली जास्त उत्पन्नाची कलमे सिद्ध केली होती, आणि दरवर्षी निदान दोन टक्के क्षेत्र उपटून त्यांत नवी लागवड करावी असे तज्ज्ञांचे सांगणे होते. उपटलेल्या जमिनीत आधी गवत वाढवून माती सुधारावी लागते, मग रोप, मग आणखी तीनचार वर्षांची वाट. तोवर त्या तुकड्याचे उत्पन्न शून्य. ज्या महामंडळाचा अध्यक्ष मंत्र्याच्या मर्जीने नेमला जातो आणि पुढच्या निवडणुकीत जातो, त्याने हा खर्च का करावा? बीपासून वाढलेली, इंग्रजांच्या काळातील झुडपे तशीच राहिली, मधल्या जागा उजाड पडत गेल्या, पावसाने उतारांची माती धुतली. आमदार-खासदारांच्या शिफारशीने माणसे भरली गेली, दोरैच्या खुर्चीवर पक्षाची माणसे बसली. दुसरीकडे सरकार निर्यातीवर जबर कर घेई आणि चलनाचा भाव असा ठेवी की, चहाचे लंडनमधील मोल मळ्यापर्यंत पोहोचता पोहोचता आटून जाई. ज्या गाईचे दूध राज्याने काढले, तिच्या वैरणीचा खर्च मात्र महामंडळाच्या नावे कर्ज म्हणून लिहिला गेला. सरकारी बँकांच्या उसनवारीवर मजुरी भागू लागली, आणि १९९० च्या सुमारास दोन्ही महामंडळे तोट्यात खोल रुतली. जागतिक बँक आणि इतर सावकार संस्था यांनी हात आखडता घेतला. तेव्हा मक्त्याचा विचार पुढे आला.

राष्ट्राध्यक्ष रणसिंग प्रेमदास यांनी खाजगीकरण हा शब्द टाळून सरकारी उद्योग जनतेच्या हवाली करण्याची भाषा वापरली. परंतु मळ्यांच्या बाबतीत विक्रीचा प्रश्न नाजूक होता. कँडीच्या सिंहली मतदाराला जमीन पुन्हा कोणाला विकलेली खपणार नव्हती, आणि तमिळ मजुरांच्या संघटनांना कामावरून कमी करण्याची धास्ती होती. म्हणून जून १९९२ मध्ये सुमारे साडेचारशे मळे बावीस प्रादेशिक मळे कंपन्यांमध्ये विभागून, जमीन सरकारची, कंपनीही आरंभी सरकारची, पण कारभार पाच वर्षांच्या करारावर खाजगी व्यवस्थापकांचा, अशी रचना झाली. पाच वर्षांचा मक्ता म्हणजे काय, हे आपल्या रयतेला नव्याने सांगायला नको. आखूड मुदतीचा मक्तेदार जमिनीला खत घालीत नाही. चहाचे नवे रोप कमाईला येईपर्यंत कराराची मुदत संपत आलेली असे. त्यामुळे या पहिल्या काळात छाटणी नियमित झाली, कारखान्यांतील गळती थांबली, पण मुळाशी पैसा पडला नाही.

१९९५ पासून दुसरा टप्पा आला. चंद्रिका कुमारतुंग यांच्या सरकारने एकेका कंपनीचे ५१ टक्के भाग खाजगी भांडवलदारांस विकले, १० टक्के भाग कामगारांस मोफत दिले, काही कोलंबोच्या शेअर बाजारात आणले, आणि सरकारी तिजोरीच्या सचिवाजवळ एक 'सुवर्णभाग' ठेवला, ज्याच्या बळावर जमिनीच्या वापरात मूलभूत फरक करण्यास सरकारची संमती लागावी. जमिनीचा मक्ता ५३ वर्षांचा, १९९२ पासून मोजलेला. म्हणजे तो २०४५ मध्ये संपेल. आरंभी त्याचा खंड नाममात्र होता. घेणाऱ्यांत कोलंबोच्या जुन्या व्यापारी पेढ्यांचे वारस होते, नवे उद्योगपती होते, आणि आपल्या टाटांच्या चहाकंपनीचाही वाटवला मळ्यांच्या व्यवस्थापनात भाग होता. कामगारांस मिळालेल्या भागांविषयी एक शब्द सांगितला पाहिजे. ज्या कुटुंबाला आठवड्याच्या शेवटी दुकानदाराचे देणे द्यायचे आहे, त्याच्या हाती आलेला भागाचा कागद फार दिवस राहत नाही. पुष्कळांनी ते मिळेल त्या भावाने विकून टाकले. मालकीचा हा एकच तुकडा मजुरापर्यंत आला होता, आणि तो जमिनीचा नव्हता.

पुढील तीस वर्षांत कंपन्यांनी कारखाने सुधारले, काही ठिकाणी नवी कलमे लावली, निचऱ्याचे चर काढले; नव्या लागवडीचा वेग मात्र संशोधन संस्थेने सांगितलेल्या दोन टक्क्यांच्या बराच मागे राहिला, आणि मक्त्याची वर्षे जसजशी कमी होत गेली तसतशी ही टाळाटाळ समजण्यासारखीही होत गेली. मळ्यांवरील मजुरांची संख्या निम्म्याहून खाली आली. तरुण मुली पाला खुडण्याऐवजी कोलंबोतील कपड्यांच्या कारखान्यांत, आखाती देशांत घरकामाला, दुकानांत हिशेब ठेवायला गेल्या. आपल्या मुलीच्या पाठीवर टोपली येऊ नये, असे बहुतेक आयांना वाटते आणि ते योग्यच आहे. याच काळात रत्नपुरा, गाल, मातर या सखल जिल्ह्यांतील लहान शेतकरी, ज्यांच्याजवळ एक-दीड एकर चहा आणि स्वतःचे घर आहे, ते देशाच्या एकूण चहापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक पिकवू लागले. मोठा मळा तोडला तर उत्पादन घटेल, या शंभर वर्षांच्या सिद्धान्ताला त्यांनी कोणताही वाद न घालता उत्तर दिले. त्यांच्या झुडपांची मुळे त्यांच्याच जमिनीत असल्याने, उपटून पुन्हा लावण्याची तीनचार वर्षे ते पोटाला चिमटा घेऊन काढतात, कारण पुढची तीस वर्षे त्यांची आहेत.

मजुरीचा झगडा चालूच राहिला. दर दोन वर्षांनी मळेमालकांची संघटना आणि कामगार संघटना यांच्यात सामूहिक करार होई. रोज एक हजार रुपये द्या, ही मागणी कित्येक वर्षे करून अखेर २०२१ मध्ये वेतन मंडळाने ती ठरविली, तेव्हा कंपन्या सामूहिक करारातूनच बाहेर पडल्या, आणि पुष्कळ मळ्यांवर खुडणीचे किमान वजन वाढवून मागितल्याच्या तक्रारी आल्या. हजार रुपयांचे नाव पूर्ण पडायचे तर टोपली अधिक जड व्हावी लागली. नंतरच्या वर्षी देशाची तिजोरी रिकामी झाली आणि रुपया कोसळला, तेव्हा त्या हजाराचे मोलही राहिले नाही.

अलीकडे काही कंपन्यांनी एक निराळी रीत चालविली आहे. मळ्याचा एक तुकडा, ठरावीक झुडपांसह, एखाद्या मजूर कुटुंबाकडे सोपवायचा. खुरपणी, खत, छाटणी त्यांनी करायची आणि पाला कंपनीला विकायचा. आपल्याकडच्या अर्धेलीशी तिचे पुष्कळ साम्य आहे. कुटुंबाला वेळेची मोकळीक मिळते, हाती काही जास्त पैसा येतो, आणि झुडपाकडे पाहण्याची नजर बदलते असे सांगतात. मला ते खरे वाटते. परंतु ही झुडपे त्या कुटुंबाच्या खात्यावर नसतात, आणि कंपनीजवळ जो हक्क मुळात २०४५ पर्यंतच आहे, त्याहून अधिक काही ती मजुराला देऊही शकत नाही.

राहिली ती घरे. १९९२ नंतर चाळींच्या सुधारणेसाठी एक स्वतंत्र न्यास स्थापन झाला. भारत सरकारनेही मळेवस्त्यांवर आधी ४,००० आणि २०१७ मध्ये जाहीर करून आणखी १०,००० घरे बांधून देण्याचे कबूल केले. प्रत्येक घरासोबत सात पर्च जमीन द्यावी असे ठरले. पर्च हे त्या बेटावरील माप. सात पर्च म्हणजे आपले पावणेदोन गुंठे. घर, पुढे फुलझाड, मागे मिरचीचे चार वाफे आणि एक गाय बांधण्याचा गोठा, इतके त्यात बसते. अनेक कुटुंबांना घराची किल्ली मिळाली पण जमिनीचा दस्तऐवज मिळाला नाही, कारण जमीन सरकारची, ताबा मक्तेदाराचा, आणि त्या ताब्यातून तुकडा मोकळा करून देण्याचे लिखापढीचे काम रेंगाळत राहते. जुन्या चाळींत अजून पुष्कळ लोक राहतात, आणि त्यांची पत्रे घरपत्त्याअभावी मळ्याच्या कचेरीत येऊन पडतात. निवृत्त झालेली म्हातारी तिथेच नातवंडांना सांभाळीत असते, कारण घरातील एक जण तरी हजेरीपटावर असल्याशिवाय ती खोली आपली राहील की नाही, याची तिला खात्री नसते. सकाळी साडेसहाच्या सुमारास त्या घरातली सून डोक्यावरून टोपलीचा पट्टा घेऊन उताराच्या पायवाटेने वर चढते, आणि संध्याकाळी वजनाच्या काट्यापाशी मुकादमाच्या हातातील वहीकडे पाहत उभी राहते, तीत आपले नाव पुरते पडले की अर्धे, हे वाचून घेण्यासाठी.